आकड्यातली थंडी, बागेतली थंडी

माझं सासर नाशिक शहरात, माहेर निफाड तालुक्यात. दोन घरांमधलं अंतर तासाभराचं; पण डिसेंबर लागला की हवामानाची एकच बातमी दोन्हीकडे वेगवेगळी पोचते. शहरात तिच्यामुळे माळ्यावरचे स्वेटर खाली येतात. माहेरी दादाची द्राक्षबाग आहे, तिथे त्याच बातमीत वर्षाची कमाई अडकलेली असते. या दोन घरांत ये-जा करता करता थंडीबद्दल, तिच्या अंदाजांबद्दल आणि मधेच कोसळणाऱ्या गारांबद्दल जे कळत गेलं, ते सांगावंसं वाटतं. मी हवामानशास्त्र शिकलेली नाही. वाचलं, जाणत्यांना विचारलं, पहाटे बागेत उभी राहिले, एवढंच. तुमच्याकडे कापूस असेल, आंबा असेल, नाहीतर गच्चीतली चार रोपं असतील. तुम्हाला याच गोष्टी वेगळ्या वाटेने भेटल्या असतील.

१. बातमीतला आकडा माणसाच्या छातीच्या उंचीवरचा असतो. हवामान केंद्रात तापमापक उघड्यावर टांगलेला नसतो. पांढऱ्या रंगाची, झडपा असलेली एक लाकडी पेटी असते, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच; ऊन आत शिरू नये आणि हवा मात्र खेळती राहावी अशी तिची रचना. सगळीकडे हीच पद्धत पाळतात म्हणून एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाशी ताडून पाहता येतो. पण निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा या पेटीतल्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही जास्त थंड असते. पेटीत आकडा शून्याच्या वर असताना गवताच्या पात्यावर, ठिबकच्या नळीवर, बाहेर लावलेल्या मोटारसायकलच्या सीटवर दव गोठलेलं दिसतं ते यामुळे. डिसेंबर २०१८च्या शेवटी निफाडला १.८ अंशांची नोंद झाली, तेव्हा शहरातल्या कितीतरी जणांना वाटलं की गोठलेल्या दवाचे फोटो कुठून तरी उत्तरेतले आणून फिरवताहेत. ते आपल्याच शिवारातले होते. आकडाही खरा होता आणि बर्फही. आता बातमीत ४ अंश ऐकलं की मी मनातल्या मनात तो आकडा गव्हाच्या रोपाच्या उंचीवर नेऊन पाहते. गहू टाचेपाशी असतो, द्राक्षाचे घड मांडवाखाली डोक्याच्या उंचीवर; एकाच रात्री दोघांच्या वाट्याला वेगळी थंडी येते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ‘पारा घसरला’ असं आपण म्हणतो, छापतो. पण किमान तापमान मोजणाऱ्या पारंपरिक तापमापकात पारा नसतोच, अल्कोहोल असतं. त्यात एक बारीकशी दांडी असते. तापमान उतरतं तसा अल्कोहोलचा काठ तिला मागे ओढत नेतो, आणि तापमान पुन्हा चढलं तरी ती तिथेच पडून राहते. सकाळी ज्याची नोंदीची पाळी असते तो माणूस वाकून तिचं टोक वाचतो. रात्रीतला सगळ्यात थंड क्षण कुणी जागून टिपावा लागत नाही.

२. थंड हवा उताराने खाली येते, हे ध्यानात आलं की निफाडचं कोडं सुटतं. बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, निफाड काही डोंगरावर नाही, मग महाबळेश्वरपेक्षा तिथे जास्त थंडी कशी? तर डोंगरावर नाही म्हणूनच. थंड हवा जड असते. रात्री ती भोवतालच्या उंचवट्यांवरून उतरते आणि गोदावरी-कादव्याच्या सखल खोऱ्यात साठते. वारा नसला तर तिथून हलत नाही. पहाटेपर्यंत खाली थंड आणि वर थोडी उबदार अशी हवेची उलटी रचना तयार होते. महाबळेश्वरातही दव गोठल्याची बातमी येते ती माथ्यावरच्या बाजारपेठेतून येत नाही, वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागातून येते.

शहराचं याच्या उलट आहे. सिमेंट आणि डांबर दिवसभर घेतलेली ऊब रात्रभर सोडत राहतात. १७ जानेवारी २०२०ला नाशिकला ६ अंश नोंदले गेले आणि निफाडला २.४. तासाभराच्या अंतरात एवढा फरक. पण नाशिक नेहमीच असं उबदार नव्हतं. ७ जानेवारी १९४५ला इथे ०.६ अंशांची नोंद झाली होती आणि शहराच्या नीचांकात ती अजून टिकून आहे. तेव्हाचं नाशिक म्हणजे गंगेच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) दोन्ही काठांचे वाडे आणि वेशीबाहेर लगेच सुरू होणारी शेतं. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, हिवाळ्यात पहाटे पितळी कळशीला हात लावला की चटका बसल्यासारखा मागे यायचा. लहानपणच्या आठवणीत सगळंच मोठं होतं असं मी धरून चालत होते, ०.६ हा आकडा वाचल्यावर त्यांच्या शब्दांवर माझा पूर्ण विश्वास बसला.

३. निरभ्र आकाशाला भिणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती. जमीन दिवसभराची ऊब रात्री आकाशाकडे सोडून देते. ढग असले तर ते गोधडीचं काम करतात, ऊब फार वर जाऊ देत नाहीत. आकाश मोकळं असेल, हवा कोरडी असेल आणि उत्तरेकडचे थंड वारे येऊन मग रात्री पडले असतील, तर पहाट कडक जाणार हे ठरलेलं. जानेवारीत संध्याकाळी दादा अंगणात येतो, वर बघतो आणि चांदण्या स्वच्छ दिसल्या की गप्प होतो. शहरात आम्ही त्याच चांदण्यांसाठी गच्चीवर जातो.

ढग आले म्हणून त्याला बरं वाटतं असंही नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा आणि धुई म्हणजे डाऊनी या बुरशीच्या रोगाला आमंत्रण, घडांची कूज आणि गळ. मणी पिकताना पाऊस झाला तर ते तडकतात. थंडी वाढली तर मण्यांची फुगवण थांबते, साखर भरायला वेळ लागतो, काढणी लांबते आणि तोवर बाजारभाव कुठल्या कुठे गेलेला असतो. दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा मोठा फरक पडू लागला की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. ‘पिंक बेरी’ म्हणतात तिला. खायला काही वाईट नसते, पण निर्यातीचा व्यापारी तो घड बाजूला काढतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. बागेत उभं राहिलं की चहूकडे जुन्या बातम्या लटकत असतात, त्यात कुठेतरी हवामानाचीही असते.

४. एकाच पहाटे शेजारच्या बांधावर कुणी खुशीत असतो. हे मला अजूनही अचंब्याचं वाटतं. ज्या थंडीने दादाची झोप उडते तीच गव्हाला हवी असते. थंडी चांगली आणि लांब टिकली तर गव्हाला फुटवे जास्त येतात, दाणा भरतो. हरभऱ्यालाही ती मानवते. निफाडचं तापमान बातम्यांत येतं ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. त्यांनी काढलेल्या गव्हाच्या वाणांची नावं त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आपल्या जिल्ह्याचीच आहेत. म्हणजे ज्या जागेवरून आम्हाला धडकी भरवणारा आकडा येतो, ती जागा मुळात थंडीवर जगणाऱ्या पिकासाठी निवडलेली. कांद्याचं आणखी निराळं. रोप लावल्यावर थंडी लांबली तर त्याला डेंगळे येतात, मग कांदा पोसत नाही. गहू, कांदा, द्राक्ष तिन्ही एकाच घरात असलेली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांनी देवाकडे नेमकं काय मागायचं?

५. संक्रांत झाली की थंडी ओसरते, हा भरवसा निफाडमध्ये धरू नये. तीळगूळ वाटून झाल्यावर ९ फेब्रुवारी २०१९ला नाशिक शहरातच ४ अंशांपर्यंत तापमान उतरलं होतं. उत्तरेत पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, येऊन हिमालयात बर्फ पडतो; हा विक्षोभ पुढे सरकला की मागून थंड कोरडे वारे राजस्थान-गुजरातमार्गे आपल्याकडे उतरतात. ही साखळी फेब्रुवारीतही चालू असते. काश्मीरची बर्फवृष्टी टीव्हीवर पाहून घरात कुणी ‘वा!’ म्हणालं की वहिनी कॅलेंडरकडे बघते, दोन-तीन दिवस पुढे मोजते.

६. अंदाज वाचायला शिकावं लागतं. पुण्याच्या ज्या कार्यालयाला जुनी माणसं अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, त्याची ही खूण), तिथून किंवा मुंबईहून येणाऱ्या अंदाजाची भाषा मोजूनमापून ठरवलेली आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून जास्त. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ सांगितली आणि आपल्या गावात ऊन पडलं, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. शेजारच्या तालुक्यात विचारावं लागतं.

रंगांचंही तसंच. पिवळा, नारिंगी, लाल हे काही फक्त थंडीची किंवा पावसाची तीव्रता सांगत नाहीत. आपण काय करायचं ते सांगतात. पिवळा असेल तर लक्ष ठेवा, नारिंगी असेल तर तयारीत राहा, लाल असेल तर हालचाल करा. आणि ‘थंडीची लाट’ हे शब्द आपण सात अंशांवरच वापरून मोकळे होतो, पण खात्याची अट कडक आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवं, नाहीतर सरळ ४ अंशांपर्यंत उतरायला हवं. जानेवारीत नाशिकची सरासरीच १० अंशांच्या आसपास असते. म्हणजे जिथे मुंबईकर कुडकुडत स्टेशनवर उतरतो, तिथे खात्याच्या लेखी सगळं नेहमीसारखं चाललेलं असतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो, पुढच्या पाच दिवसांचा. मेघदूत ॲपवर तो मराठीत वाचता येतो. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्या अंदाजांत तोच कामाचा, कारण त्यात तापमानाच्या पुढे पिकाचं नाव असतं: पाणी कधी द्या, फवारणी कधी टाळा. दर शरद ऋतूत ‘ला निनामुळे यंदा कडाक्याची थंडी’ असे मोठे मथळे येतात, त्यांचा बागेला तितका उपयोग नाही. हंगामाचा कल त्यातून कळतो, पण १२ जानेवारीची पहाट कशी असेल ते कळत नाही. किमान तापमान मात्र दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी नेमकं सांगितलं जातं. हवामान खात्यावर विनोद करायची आपल्याकडे जुनी सवय आहे. थंडीच्या बाबतीत तरी ती सोडावी असं मला मनापासून वाटतं. त्या अंदाजामुळे रात्री सरपण जमवून ठेवता आलं, असं मी पाहिलं आहे.

७. पहाटेच्या शेकोट्यांना जगात पुष्कळ भावंडं आहेत. कडाक्याच्या रात्री तीनच्या सुमारास बागेत ठिकठिकाणी काडीकचरा पेटवतात, ठिबक सुरू करतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. शेकोटीने जवळची हवा तापते आणि वरखाली मिसळते. मला वाटायचं हा आमच्याकडचाच उपाय. मग एप्रिल २०२१मध्ये फ्रान्समध्ये ऐन पालवीत कडाक्याची थंडी आली आणि तिथल्या द्राक्षमळ्यांत रात्रभर ओळीने पेटवलेल्या मेणबत्त्यांच्या हंड्यांची छायाचित्रं पाहिली. काही ठिकाणी हेलिकॉप्टर कमी उंचीवरून फिरवून वरची उबदार हवा खाली आणत होते. काही मळ्यांत तर पालवीवर मुद्दाम पाणी फवारतात. ते गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फाच्या कवचाआड कोंब वाचतो. साधनं श्रीमंत देशाची, पण रात्र तीच. दादाला छायाचित्रं दाखवली तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “म्हंजी त्यांचंबी आपल्यावाणीच हाये की.”

८. थंडीशी झगडता येतं, गारांशी नाही. या मुद्द्यावर मला जरा थांबावंसं वाटतं.

फेब्रुवारी २०१४च्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली ते आजही मार्चमधल्या ढगांकडे सरळ नजरेने बघत नाहीत. एक-दोन दिवसांत आवरलं असतं तर निराळं. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक. आज इथे, उद्या तिथे, असं चालूच राहिलं. काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब झोपलं. गुरं दगावली, पक्ष्यांचे सडे पडले. नंतर २६ नोव्हेंबर २०२३, रविवारची संध्याकाळ. निफाड, दिंडोरी, चांदवड भागात अवकाळी पावसाबरोबर गारा आल्या. द्राक्षं तेव्हा कोवळ्या मण्यांत होती, कांद्याची लागण झाली होती. दोन्ही वेळा ऋतू वेगळा, पण कारण एकाच जातीचं. उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे वरच्या थरात थंड हवा येते, खालून समुद्राकडचे दमट वारे येतात, आणि दोन्हींची गाठ आपल्या डोक्यावर पडते. दमट हवा जोराने वर चढते, ढगात शून्याखाली गेलेले पण न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणावर थरांनी चिकटत जातात, आणि वर नेणाऱ्या हवेला त्यांचं ओझं पेलेनासं झालं की ते कोसळतात. हे सगळं शांतपणे वाचता येतं. पत्र्यावर ते ऐकणं वेगळं.

गारांचा पट्टा अरुंद असतो, ही त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. रस्त्याच्या या बाजूची बाग उभी आणि पलीकडची पार झोडपलेली असं होतं. नुकसान झालेल्या घरी जाऊन काय बोलायचं हे एक वेळ कळतं. पण वाचलेल्या बागेचा मालक दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यासमोर कसा उभा राहतो, ते मी पाहिलं आहे. तो स्वतःच्या बागेत फवारणीचा ट्रॅक्टर सुरू करायला संकोचत होता. ‘गारपिटीची शक्यता’ एवढं दोन-तीन दिवस आधी सांगता येतं. कुठल्या शिवारात, हे ढग उभा राहिल्यावर रडारवरच दिसतं, आणि त्या इशाऱ्यात फार तर दोन-तीन तास हाताशी असतात. तेवढ्यात माणसं आणि जनावरं आडोशाला नेता येतात. बाग नेता येत नाही. प्लास्टिकचं आच्छादन, गारांपासून वाचवणारी जाळी हे उपाय आहेत, चांगले आहेत, पण एकरी खर्च असा की मध्यम शेतकरीसुद्धा दहादा विचार करतो. फळपीक विम्यात गारपिटीसाठी जादा हप्ता भरून संरक्षण घेता येतं. मात्र नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवावं लागतं. ज्याचं वर्ष वाहून गेलंय त्याला त्या तीन दिवसांत फोटो काढायचं, अर्ज भरायचं भान कुठलं? आमच्या भागात आता तरुण पोरं हे काम अंगावर घेतात, गारा पडल्या की मोबाइल घेऊन बागोबाग फिरतात आणि म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून देतात. मला त्यांचं फार कौतुक आहे.

९. जुन्या खुणांत तथ्य असतं, पण सगळ्यांत सारखं नसतं. चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो असं आमची आई म्हणायची. पुढे वाचलं की ते खळं उंचावरच्या पातळ ढगांमधल्या बर्फकणांतून प्रकाश वळल्यामुळे दिसतं, आणि हिवाळ्यात असे ढग बऱ्याचदा येणाऱ्या विक्षोभाच्या पुढे धावत येतात. म्हणजे आईची खूण पोकळ नव्हती. दर खळ्यामागून पाऊस येत नाही, हेही तितकंच खरं. सहदेव-भाडळीच्या ओव्यांवर शेतीचं वेळापत्रक ठेवणारी पिढी आता गेली. तिच्याकडे आकाशाकडे रोज बघायची जी शिस्त होती ती मात्र आपल्यालाही हवी. ॲप बघणाराही दारात येऊन एकदा वर बघू शकतो.

१०. कधी कधी थंडीबरोबर भलतंच काही येतं. २३ जानेवारी २०२२ला पाकिस्तानकडून आलेली धूळ गुजरातवरून मुंबई आणि उत्तर महाराष्ट्रापर्यंत पोचली. आकाश पांढुरकं, ऊन फिकं, गाड्यांवर भुरकी. मुंबईत दिवसाचं तापमान २४ अंशांच्याही खाली राहिलं. त्या दिवसापासून मी बातमीतलं कमाल तापमानही वाचते. रात्रीच्या कडाक्याचं सगळे बोलतात, पण दिवसभर ऊबच मिळाली नाही तर म्हाताऱ्या माणसांचे हाल जास्त होतात.

११. थंडीचा इशारा ज्यांच्यासाठी सगळ्यात गरजेचा, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. हे मला उशिरा दिसलं आणि आता दुसरं काही दिसत नाही. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठ, कळवणकडून आदिवासी कुटुंबं आमच्याकडे कामाला येतात. विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), कागद लावणं, काढणी, सगळं त्यांच्या हातांनी होतं. लहान मुलं बरोबर असतात. राहायला कुठे पत्र्याची शेड, कुठे बांधावर प्लास्टिकचं पाल. पहिल्या मुद्द्यात सांगितलेली ती पेटी आठवा: बातमीतला आकडा सव्वा मीटरवरचा, आणि ही माणसं जमिनीवर झोपतात. गोठणाऱ्या दवाच्या उंचीवर.

दुसरा पाण्याच्या पाळीवरचा माणूस. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी अजून आलटून पालटून येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा जानेवारीत आला की गव्हाला, कांद्याला पाणी भरायला मध्यरात्री वाफ्यात उतरावं लागतं, पाय गार पाण्यात आणि उसाच्या कडेला बिबट्याची भीती. दिवसा वीज द्यावी ही मागणी जुनी आहे. सौर कृषी वाहिन्यांमुळे काही गावांना ती मिळू लागली. उरलेल्यांना ती पुढच्या हिवाळ्याच्या आत मिळाली पाहिजे. थंडीवरचा याहून मोठा उपाय शेतकऱ्यासाठी दुसरा मला दिसत नाही.

दादा आणि वहिनीने बागेशेजारी मजुरांसाठी दरवाजा-खिडकी असलेल्या विटांच्या खोल्या बांधल्या. कोबा केला, लाकडी फळ्या टाकल्या. पिवळा इशारा आला की वहिनी स्वतः जाऊन सांगते, उद्या ऊन वर आल्यावरच कामाला लागा. खर्च आला, पण गारपिटीच्या जाळीपुढे काहीच नाही. आणखी काही बागायतदार हेच करू लागले आहेत.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. शेत असेल तर एक साधा तापमापक आणा आणि आपल्या शिवारातल्या सगळ्यात सखल जागी, पिकाच्या उंचीवर लावा. गावच्या आकड्याशी रोज ताडून पाहा. आणि शेत असो वा नसो, थंडीचा इशारा वाचला की तो अशा एका माणसाला तोंडी सांगा ज्याच्यापर्यंत तो पोचलेला नाही: बागेतल्या मजुराला, बांधकामावरच्या कुटुंबाला, सोसायटीच्या फाटकाशी रात्र काढणाऱ्या रखवालदाराला, गंगेच्या घाटावर झोपणाऱ्यांना. सांगायला जाल तेव्हा एक जाड घोंगडी बरोबर न्या.